दोन खुंट्यांचा गाडा

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, शेवटच्या शेडमध्ये, मासेमारीच्या कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या, वाहून न्यायचे दोनचाकी गाडे बनत. बनवणाऱ्याला सगळे चाकवाला म्हणत. माणूस ओळखायला त्याला चेहरा लागत नसे, गाडा पुरे होई. दाताच्या डॉक्टरांच्या गाड्याला गळाच्या काठ्या ठेवायला सहा नळ्या होत्या, आणि आजवर एका माशानेही त्यांना दाद दिली नव्हती. निवृत्त हेडमास्तर कयाकवरचा पट्टा आवळत, चार पावलं जात, वळून परत आवळत. घरच्यांवरही त्यांचा एवढाच विश्वास असावा. असलं काही दिसलं की चाकवाला मनात टिपून ठेवी. पूर्वी ऐकायला थोरला भाऊ, दादा होता. संध्याकाळी स्टुलावर बसून पोट धरून हसायचा. आता टिपलेलं नुसतं साचत होतं.

दादाचा गाडा भिंतीला टांगलेला होता. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी नुसता गाडाच काठावर सापडला. दादा आणि कयाक मात्र तळ्याने ठेवून घेतले.

कयाकचं पोट बंद आणि पोकळ असतं; वर बसायच्या जागी साचलेलं पाणी खाली जावं म्हणून तिला तळापर्यंत आरपार भोकं असतात. त्या भोकांत बसतील अशा दोन लोखंडी खुंट्या चाकवाल्याने दादाच्या गाड्याला लावल्या होत्या. खुंट्यांवर चढवायचं रबर संपलं होतं, म्हणून तशाच लावल्या. दादा म्हणाला होता, जरा जास्तच घट्ट बसतंय. हा म्हणाला, घट्ट म्हणजे पक्कं. दादा गेल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांची कयाक आली. तशाच खुंट्या, आणि बंद पोटात पाणी डुचमळतंय. भोकांच्या कडांना केसाएवढ्या चिरा होत्या. चाकवाल्याने गावभरच्या गाड्यांच्या खुंट्या काढून कयाक टेकवायला मऊ गाद्या बसवून दिल्या. कारण कोणालाच सांगितलं नाही. वहिनीला तर नाहीच.

परवा वहिनी आली. बहिणीकडे कायमची राहायला चालली होती.

"भावोजी, तो गाडा द्या मला. खुंट्या काढा आणि फळी बसवा. पाण्याचे कॅन उचलवत नाहीत आता."

चहा घेताना ती कपाकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी हे निघताना मी म्हटलं होतं, एवढं पाणी आवडतंय तर तिथंच राहा. माणूस मनाला लावून घेतो हो."

चाकवाल्याने खुंट्यांचं सांगायचं टाळलं आणि तिचा रिकामा कप उचलला. तो म्हणाला, "उद्या दुपारी घेऊन जा, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडा उतरवला. खाली जमीन ओली होती. पाऊस महिनाभर नव्हता, पत्रा कोरडा होता. चाकांच्या आऱ्यांत काळा, बारीक गाळ होता, तोही ओला. उंदीर पुष्कळ उद्योग करतात, पण गाळ आणत नाहीत. त्याने फडक्याने तो पुसला आणि फडकं फेकून दिलं.

खुंट्या कापल्या. फळी ठोकली. कॅन घसरू नयेत म्हणून दोन पट्टे लावले आणि बकलं मोकळी सोडली. सवयीने चाकातून साखळी घातली, कुलूप लावलं, शटर ओढलं आणि जेवायला गेला.

अर्ध्या तासाने आला तेव्हा कुलूप, साखळी, सगळं जागच्या जागी होतं.

पट्टे मात्र आवळलेले होते.

फळीवर काहीच नव्हतं. तरी दोन्ही पट्टे हातभर वर उचलून, कमान करून, ताठ उभे होते. कयाकच्या पाठीवर असतात तसे. प्रत्येकाला बकलाआधी दोन पीळ दिलेले. वाऱ्यात पट्टा गुणगुणू नये म्हणून असे पीळ एकटा दादाच देई.

चाकवाल्याने बोटाने पट्टा दाबून पाहिला. दबला नाही.

कोऱ्या फळीवर, खुंट्या होत्या बरोबर तिथे, पाण्याचे दोन गोल डाग होते. ते हळूहळू मोठे होत होते.

मागे चपला वाजल्या. वहिनी दारात उभी होती. ती जवळ आली, पट्ट्यावरून हात फिरवला, पिळांवर थांबली.

"हे तुम्ही दिलेत?"

"नाही."

पिळांवरचा हात न काढता ती त्याच्याकडे वळली.

"वहिनी, दादा तुझ्या बोलण्याने गेला नाही," तो म्हणाला. "खुंट्यांनी तळ चिरला. रबर लावलं नव्हतं मी. तो गेल्यावर पंधरा दिवसांतच मला कळलं होतं."

तिने पट्ट्यावरचा हात काढून घेतला. मग एवढंच म्हणाली, "आठ महिने, भावोजी."

त्याने साखळी काढली. तिने दांडा धरला, जोर लावला. गाडा हलला नाही. रिकाम्या गाड्याची चाकं दबून पसरली होती.

"मागून हात लावा," वहिनी शांतपणे म्हणाली. "एकटीला ओढवत नाही."

तो मागे गेला आणि ढकलायला वाकला.

हात फळीपर्यंत पोचायच्या आधीच तळव्यांना काहीतरी गार, ओलं, गुळगुळीत लागलं.