येसरचे डबे परत येईनात

"मॅडम, माझे डबे चोरीला जाऊन राहिलेत. अन् चोर घरातलाच हाय म्हणतेत सगळे."

धुरपता मोरे खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होती. लातूरच्या गंजगोलाईजवळ, एका कापड दुकानाच्या माडीवर सौदामिनी औसेकर या खाजगी गुप्तहेर बाईंचं ऑफिस होतं. हरवलेली माणसं, बनावट सह्या, लग्नाआधीच्या चौकश्या ही तिथली नेहमीची कामं. डबे पहिल्यांदाच आले होते. सौदामिनीचा मदतनीस व्यंकटी मात्र सावरून बसला, कारण धुरपतानं सोबत आणलेल्या डब्याचं झाकण उघडलं आणि खमंग वास खोलीभर झाला.

येसर. भाजलेल्या डाळी आणि धान्यांची मसालेदार पूड. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसर आमटी नसेल तर व्याही रुसून बसतो.

धुरपता रेणापूरची. घरच्या ओसरीत येसर करून विकायची. लातूरच्या उद्योग सल्ला केंद्रातले सर्वेश कुलकर्णी तिच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी परवाना काढून दिला, लेबल छापून दिलं आणि पुड्यांऐवजी स्टीलच्या डब्याची कल्पना सुचवली. रिकामा डबा द्यायचा, भरलेला न्यायचा.

"लई चालला धंदा," धुरपता म्हणाली. "पण गेलेला डबा परत येईना. रविवारी नांदेडला प्रदर्शन हाय. सरांनी खटपट करून स्टॉल मिळवलाय. डबेच नसले तर येसर काय पदरात बांधून नेऊ? नवे घ्यायची ऐपत न्हाई. हा स्टॉल हुकला की धंदा बसला."

"आणि घरातला चोर कोण?"

धुरपतानं मान खाली घातली. "माझा दीर, शिवशंकर. डबे पोचवायला अन् आणायला त्योच टेंपो घेऊन जातो. परवा रागाच्या भरात इचारलं, भंगारात इकलास का म्हणून. तवापासून एक शबुद बोलला न्हाई. पोरासारखा वाढवलाय त्याला म्या."

सौदामिनीनं डबा फिरवून लेबल वाचलं. 'धुरपताचा येसर. डबा स्वच्छ धुऊन रिकामा परत करावा. आत काहीही घालू नये.'

"एकही डबा आला नाही?"

"थोडे आले. हितं लातुरात क्लासची पोरं खोली करून राहतेत, त्यांचे आले. बँकेतल्या साहेबाचा आला, त्यो बी एकटाच राहतो. गावातल्या घरातला एक न्हाई."

व्यंकटीनं दुसऱ्या दिवशी तालुक्यातले भंगारवाले पालथे घातले. येसरचा डबा कुणीच पाहिला नव्हता. तरीही रेणापूरला जाताना तो म्हणाला, "दीरच असणार बघा, मॅडम. घरचा माणूस, घरचा टेंपो. एवढं सरळ हाय."

"म्हणूनच मला पटत नाही," सौदामिनी म्हणाली.

शिवशंकर टेंपोच्या पायरीवर बसला होता. तिशीचा, दणकट, डोळे सुजलेले.

"म्या दारोदार मागतो, मॅडम. बाया म्हणतेत, उद्या ये. उद्या गेलं की परवा. हसतेत अन् आत जातेत. वैनीला काय सांगू? खरं सांगितलं तर तिला पटंना."

मग लखन. त्याचं मसाल्याचं दुकान बाजारात होतं आणि धुरपताचा डबा आल्यापासून त्याच्या पुड्या धूळ खात होत्या. व्यंकटीचा संशय आता उडी मारून त्याच्यावर बसला.

"तिचे डबे तुम्ही विकत घेऊन दाबून ठेवलेत?" व्यंकटीनं थेट विचारलं.

लखन कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, माझ्याच घरात तिचा डबा हाय. बायको मला चोरून आणती. म्याच म्हणलं, देऊन टाक बाई, उगं माझ्यावर आळ येईल. तर म्हणती, असा कसा देऊ? तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

सौदामिनी पहिल्यांदाच हसली. व्यंकटीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शेवटी दोघं धुरपताच्या गिऱ्हाईक सरजाबाईंकडे गेली. स्वयंपाकघरात समोरच्याच फळीवर, पितळेच्या भांड्यांच्या रांगेत, येसरचा डबा लखलखत होता. सौदामिनीनं झाकण काढलं. आत कोरडा, स्वच्छ, रिकामा.

"तुम्ही वापरत नाही हा?"

"दुसऱ्याचा डबा हाय. कसा वापरू?"

"मग परत का करत नाही?"

सरजाबाईंनी लेबलवरून अंगठा फिरवला. त्या ओशाळल्या. "देते की. थोडं थांबा."

तेवढ्यात शेजारची कस्तुराबाई वाटी परत द्यायला आली. वाटीत मूठभर भाजलेल्या शेंगा होत्या. सरजाबाईंनी त्या व्यंकटीपुढे ठेवल्या. त्यानं संपवायला वेळ लावला नाही.

अंगणात आल्यावर सौदामिनी म्हणाली, "चोर सापडला, व्यंकटी. त्यानं आणलेल्या शेंगाही तू खाल्ल्यास."

व्यंकटीनं आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं.

संध्याकाळी धुरपताच्या ओसरीत सगळे जमले. सर्वेश मुद्दाम लातूरहून आले. लखन बोलावण्याआधीच हजर होता. शिवशंकर खांबाला टेकून, वहिनीकडे पाठ करून उभा.

"डबे चोरीला गेलेच नाहीत," सौदामिनीनं सुरुवात केली. "चोरलेली वस्तू कुणी घासूनपुसून पाहुण्यांसमोर मांडत नाही. डबे ज्याच्या त्याच्या घरात आहेत. म्हणजे शिवशंकर खरं बोलतोय. आता प्रश्न एवढाच, की बायका ते देत का नाहीत. लोभ म्हणावा तर त्या डबा वापरतही नाहीत."

"मग?" सर्वेशनी विचारलं.

"परत कुणी दिले ते बघा. क्लासची पोरं आणि एकटा राहणारा साहेब. अडवून कुणी ठेवले? घर चालवणाऱ्या बायकांनी. लखनभाऊंना वाटलं देऊन टाकावा, त्यांची बायको म्हणाली असा कसा देऊ. 'असा' म्हणजे कसा? ते मला कस्तुराबाईंच्या वाटीनं सांगितलं. ती वाटी रिकामी आली नव्हती."

धुरपतानं तोंडाला पदर लावला.

"शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर का होईना, घालायची. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता तुमच्या लेबलची शेवटची ओळ वाचा, सर्वेश."

सर्वेशनी डबा हातात घेतला. "आत काहीही घालू नये." ते थांबले आणि एकदम हसायलाच लागले. "ही ओळ माझी. स्वच्छतेसाठी घातली. नांदेडला माझी आई वाटीत साखर घातल्याशिवाय मला शेजारी पाठवत नाही."

"रिकामा द्यावा तर रीत मोडते, भरून द्यावा तर तुमचा नियम मोडतो. बायकांनी दोन्ही सांभाळलं आणि डबाच ठेवून घेतला. हे तोंडानं सांगायचंही अवघड."

"लेबलं तर म्याच चिकटवली," धुरपता पुटपुटली. "माझ्या कसं ध्यानात आलं न्हाई?"

"धंदा वाढला तशा त्या तुमच्या लेखी गिऱ्हाईक झाल्या. त्यांच्या लेखी तुम्ही अजून गल्लीतली धुरपताच आहात. डबे आले की गरम पाण्यात धुऊन घ्या. ती ओळ मात्र खोडा."

शिवशंकरनं त्याच पावली टेंपो काढला. निरोप घरोघर गेला आणि सकाळी टेंपो दारात उभा राहिला तेव्हा मागचं फळकूट लागत नव्हतं. डब्यांतून गूळ निघाला, चिवडा निघाला, तिळाचे लाडू निघाले. टेंपोत न मावलेले डबे बायका स्वतःच घेऊन आल्या. लखनच्या बायकोच्या डब्यात लखनच्याच दुकानातली मसाल्याची पुडी होती. ते पाहून लखन जो हसत सुटला, तो थांबेना.

धुरपता मात्र तशीच उभी होती. मग भरल्या गल्लीसमोर ती दिरापुढे गेली.

"चुकलं माझं, शिवशंकर. तुझ्यावर आळ घेताना जीभ झडली न्हाई माझी. आजपासून ह्यो धंदा दोघांचा. रविवारी स्टॉलवर माझ्यासंगं बसशील?"

शिवशंकरनं बाहीनं डोळे पुसले. डब्यांच्या राशीकडे बघून तो म्हणाला, "बसतो. पण जाताना तू पुढं बस, वैनी. मागं आता पाय ठेवायला जागा न्हाई."