चौकटीत माणूस नको

नगरपालिकेच्या नकाशा विभागात तेहतीस वर्षं रेघा ओढून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली फूटपट्टी म्हणायची. वसंत सुरू झाला तसं त्यानं स्वतःला एक काम लावून घेतलं. रोज सकाळी साडेआठला गावातलं एक घर, त्याच्यापुढचा बहर आणि एकच फोटो. तो फोटो वाचनालयाच्या फळ्यावर लागायचा आणि फूटपट्टी दिवसभर उगाच त्या बाजूला फेऱ्या मारायचा.

नियम एकच, चौकटीत माणूस नको. "माणूस दिसला की लोक घराकडे ढुंकूनही बघत नाहीत," असं तो ताईला सांगायचा. ताई म्हणजे मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही, आणि त्याची साठी उलटली तरी ती त्याला ठोंब्याच म्हणायची. तिच्याशिवाय त्याचं जगात कोणी नव्हतं.

नवव्या दिवशी बेकरीवाल्याचं घर होतं. विटांची कमान, तिच्यावर पिवळ्या फुलांचा वेल. रात्रभर भट्टीपाशी राबलेला बेकरीवाला आत झोपला होता. त्याची बायको पायऱ्या झाडत होती.

"वहिनी, जरा इकडे येता का? फोटोत याल."

ती हसत येऊन त्याच्या पाठीमागे उभी राहिली. त्यानं बटण दाबलं, वळून पाहिलं, तर ती नव्हती. गेली असेल बाजारात, असं म्हणून त्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं आवरलं.

दोन दिवसांनी पाव घेताना त्यानं विचारलं, "वहिनींना फोटो आवडला का?"

"कोण वहिनी?"

"तुमच्या मिसेस हो."

"साहेब, सकाळी सकाळी फिरकी घेताय का? माझं लग्न कुठे झालंय?" बेकरीवाला हसला. पाव बांधणाऱ्या त्याच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता.

फूटपट्टीनं ते हसण्यावारी नेलं. मग बाराव्या दिवशी शिंप्याचं घर झालं. अंगणात बसलेल्या शिंप्याच्या म्हाताऱ्या वडिलांना त्यानं स्वतः हाताला धरून, खुर्चीसकट, रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं होतं. संध्याकाळी शिंपी म्हणाला, "वडील? ते तर मी पाळण्यात असतानाच गेले." खुर्ची रस्त्यापलीकडे तशीच होती. तिच्यावर पाकळ्यांचा थर साचला होता आणि बैठकीवर मधोमध तेवढी जागा मोकळी होती.

फूटपट्टी तिथून तडक निघाला. घरी येऊन त्यानं कॅमेरा कपाटात कोंबला आणि किल्ली खिशात टाकली.

ताईला मात्र फोटो हवा होता. तिनं लावलेलं दारातलं झाड अकरा वर्षांनी पहिल्यांदा फुललं होतं, आणि बहर काही थांबणार नव्हता.

"गावभरची घरं काढलीस. आपल्याच घरानं काय घोडं मारलंय रे, ठोंब्या?"

"नको, ताई."

"राहू दे. शेजारीण काढेल मोबाइलवर. मी उभी राहीन तिच्याजवळ."

"नाही!" तो एवढ्या जोरात ओरडला की ताई दचकलीच.

त्यानं रात्रभर डोकं खाजवलं. घरातलं जे माणूस चौकटीबाहेर राहिलं, तेच गेलं. बेकरीवाला आत होता, तो राहिला. शिंपी आत होता, तोही राहिला. म्हणजे ताईला चौकटीत घेतलं की झालं. इतक्या दिवसांचा नियम मोडायचा, एवढंच.

सकाळी साडेआठला त्यानं तिला दारातल्या पायरीवर बसवलं.

"काही झालं तरी इथून हलायचं नाही."

"नाही हलत रे बाबा."

तो रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चारही कोपरे दोनदा तपासले. कौलं, झाड, फाटक आणि मधोमध ताई. काही म्हणता काही बाहेर राहिलं नव्हतं.

त्यानं बटण दाबलं.

भीत भीत मान वर केली.

ताई पायरीवरच होती.

त्याचे डोळे भरून आले. "झालं गं, ताई!" तो ओरडला.

तिनं डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती उठून फाटकापर्यंत आली.

"कोणाकडे आलात?" ती अदबीनं म्हणाली. "ऊन लागतंय तुम्हाला. पाणी देऊ का, भाऊ?"