पैलवानाच्या टाकीतली झाडं

"माझ्या सासऱ्यांचा मासा मेलाय," खुर्चीच्या कडेवर टेकत ती बाई म्हणाली, "आणि तो मी मारला, असं त्यांचं म्हणणं आहे."

भावजींना हसू फुटणार होतं. वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते हसू त्यांनी चहाबरोबर गिळलं.

वहिनी खासगी तपासाची कामं करत. भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, स्वतःचा फोटो स्टुडिओ बंद केल्यापासून कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांच्याबरोबर हिंडत. वहिनींचं डोकं जेवढं भरभर चाले, तेवढंच भावजींचं तोंड. दुर्दैवानं तोंड नेहमी आधी पोचायचं.

"मासा केवढा?" वहिनींनी विचारलं.

"चांगला वीतभर. डोक्यावर टेंगूळ असलेला. पैलवान म्हणायचो आम्ही. आप्पांनी बोटाएवढा असताना आणला होता, सहा वर्षं झाली. मासा त्यांचा, झाडं माझी आणि टाकी एकच. भांडण तिथंच."

पैलवानाला तळाचे खडे उकरायची खोड होती. लावलेलं झाड सकाळी वर तरंगताना दिसायचं. मग सूनबाई बाही वर सारून, दंडापर्यंत हात पाण्यात घालून, तेच झाड पुन्हा दगडाला बांधायची. आप्पा पेपराआडून म्हणायचे, "त्याचं घर आहे, त्याला नको असेल तर?"

"एकदा मी वैतागून म्हणाले, हा मरत का नाही एकदाचा. आप्पांनी ऐकलं. आणि परवा सकाळी पैलवान उलटा तरंगत होता." तिनं पदराशी चाळा केला. "तेव्हापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. उद्या बहिणीकडे निघालेत, कायमचे. मी मारलं नाही हो. पण बोलले होते ना, म्हणून रात्रंदिवस अपराध्यासारखं वाटतंय. त्यांना जाऊ देऊ नका."

तासाभरात दोघं तिच्या घरी पोचले.

टाकी बैठकीत होती. भावजींनी वरून, बाजूंनी, खालून फोटो काढले. मग स्टँडच्या खालच्या कप्प्यात डोकावले आणि मोठ्यानं बोलून गेले, "अरेच्चा! फिनेलची बाटली इथंच आहे की!"

दारात उभे असलेले आप्पा तरातरा पुढे आले. "बघा! मी काय म्हणत होतो?"

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. भावजींनी जीभ चावली, पण सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही. पुढचा सगळा वेळ त्यांना तिच्याकडे बघवेना.

वहिनी शांतपणे कामाला लागल्या. आधी फरशी पुसणाऱ्या मावशी.

"बाटली माझी आहे. चार वर्षं तिथंच ठेवते," मावशी फणकारल्या. "माशाला मारायचं असतं तर चार वर्षं थांबले असते का?"

मग सूनबाईचा नवरा. तो दारातूनच निघायच्या बेतात होता.

"मला त्या टाकीतलं काही कळत नाही. एवढंच की हल्ली दहाएक दिवस घरात शांतता होती. झाडं उपटली जात नव्हती. हिनं काहीतरी युक्ती केली असणार."

"मी?" सूनबाई म्हणाली. "मला वाटलं, पैलवान थकला. मी तर नेहमीसारखा काळा दोराच बांधत होते."

"टाकीत आणखी काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"काचेवर गोगलगायी होत्या, वीसेक. त्या मागच्याच आठवड्यात गळून पडल्या. पैलवानाच्या आधी चार दिवस. गोगलगायींचं कोण मनावर घेतं?"

आप्पा गॅलरीत बसले होते. शेजारी भरलेली बॅग. भिंतीवर जुना काळा टेलिफोन. चाळीस वर्षं त्यांनी लाइनमन म्हणून तारा ओढल्या होत्या.

भावजी त्यांच्याकडे निघाले आणि कपाळानं कपडे वाळत घालायच्या तारेवर आपटले. तार मध्येच जोडलेली होती. त्यांनी घाबरून कपाळ चाचपलं, मग जोड. एकालगत एक सहा वेढे, टोक कुठे हाताला लागेना.

"ओरखडा येणार नाही," आप्पा कोरडेपणानं म्हणाले. "मी जोडलेल्या तारेचं टोक आजवर कुणाला लागलं नाही."

"टाकीतल्या झाडांना तुम्ही कधी हात लावला?" वहिनींनी विचारलं.

"तिची झाडं. मी कशाला लावू?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

भावजींना वाटलं, म्हातारा मासा गेल्याच्या दुःखात आहे, आणि त्यात आपण बाटलीची भर घातली.

जिन्यात वहिनींनी कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून पाहिले. एका झाडाच्या बुडाशी बराच वेळ थांबल्या.

"भावजी, हे काय दिसतंय?"

"लालसर दोरा. दगडाला झाड बांधलंय."

"आणि सूनबाई कुठल्या रंगाचा बांधते म्हणाली?"

"काळा," भावजी म्हणाले, आणि तिथंच त्यांचं डोकं थांबलं. वहिनी मात्र उलट्या पावली वर निघाल्या होत्या.

सगळ्यांना टाकीभोवती बसवून त्या म्हणाल्या, "फिनेल सोडून द्या. फिनेल पाण्यात पडलं असतं तर पाणी पांढुरकं झालं असतं, घरभर वास सुटला असता आणि मासा तासाभरात गेला असता. इथं तसं झालं नाही. आधी गोगलगायी गळाल्या, चार दिवसांनी मासा. म्हणजे विष थोडंथोडं उतरत होतं."

"कुठून?" नवऱ्यानं विचारलं.

"दहा दिवसांपूर्वी झाडं उपटली जायची थांबली, त्याच गोष्टीतून. कुणीतरी दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली. पैलवानाला ती तुटेना. पण तांबं पाण्यात उतरतं. माणसाला एवढंसं सोसतं, गोगलगायींना अजिबात नाही, आणि कोंडलेल्या पाण्यातल्या माशालाही फार दिवस नाही." त्यांनी तो फोटो उघडून कॅमेरा मधल्या टेबलावर ठेवला. "ज्यानं हे केलं, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट रोज कुणाचा तरी त्रास वाचवायचा होता. तार कुणी बांधली, एवढंच आता उरलंय."

भावजी मनात चरफडले. इथवर आणून वहिनी अडल्या की काय?

सूनबाई फोटोवर वाकली. एकालगत एक वेढे. तिची नजर गॅलरीतल्या तारेकडे गेली, परत फोटोवर आली, आणि चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरून तिथं दुसरंच काहीतरी आलं.

"मी बांधली," ती म्हणाली.

"तू?" नवरा उभाच राहिला.

"हो. आप्पांच्या डब्यातली तार घेतली, न विचारता. मला ठाऊक नव्हतं. चुकलं माझं, आप्पा. पण तुम्ही जाऊ नका."

भावजींनी तोंड उघडलं. मघा ती दोरा म्हणाली होती, काळा! वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

आप्पांनी चष्मा लावला. कॅमेरा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"टोक कुठंय?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"बांधलीस ना? मग टोक कुठं दाबलंस ते दाखव."

तिचं बोट फोटोभर नुसतं फिरत राहिलं. आप्पांनी कॅमेरा खाली ठेवला.

"हिला तारेची गाठ येत नाही," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "गाठ माझी आहे. ही रोज सकाळी थंड पाण्यात हात घालून बसायची. मी पेपराआडून बघायचो. मनात यायचं, उठून मदत करावी. पण इतकी वर्षं तिच्या झाडांना हसलेला माणूस, आता कुठल्या तोंडानं हात लावणार? म्हणून ही उठायच्या आधी, एकेक करून..." ते टाकीकडे वळले. "माझा पैलवान मीच मारला. आणि दोन दिवस हिच्या ताटावरून उठलो."

"आप्पा, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तुलाही माहीत नव्हतं. तरी अंगावर घेतलंस की नाही?"

भावजींनी घसा खाकरला. "बाटलीचं मी उगाच बोललो. माफ करा, ताई," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत छोटं भाषण असावं.

आप्पा उठले. सदऱ्याची बाही वर सारली, मासा नसलेल्या टाकीत हात घातला आणि पहिलं झाड दगडासकट बाहेर काढलं. तार सोडवायची होती. पण बोटं वेढ्यांवरून पुन्हापुन्हा फिरली, तरी टोक काही सापडेना. इतकं नीट दाबलेलं होतं.

"द्या इकडे," सूनबाई त्यांच्या शेजारी बसली. तिनं नखानं चाचपत चाचपत टोक शोधलं आणि उलगडायला लागली. आप्पांनी दगड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

"आतमध्ये भात असेल थोडा," ती मान वर न करता म्हणाली.

"हे होऊ दे," आप्पा म्हणाले. "मग वाढ."