मास्तरांची चांदीची गुंडी

सिपोरा झिराडकर त्या रविवारी सकाळी सिनॅगॉगात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, गेली ती बापाचा कंदील आणायला. धर्म शिकायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

बाप, रहमाजी झिराडकर, रेल्वेत गार्ड. शिवाय सोलापुरातल्या मूठभर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, मंडळींचे मुकादम. म्हणजे सिनॅगॉगची किल्ली त्यांच्याकडे असे आणि छप्पर गळलं की सगळे त्यांच्याकडे बघत. सिनॅगॉग म्हणजे तरी काय, स्टेशनच्या मागच्या अंगाला घरमालकीण अक्कम्माच्या घरातल्या भाड्याच्या पुढच्या दोन खोल्या. शुक्रवारी प्रार्थनेला आलेले रहमाजी ड्यूटीचा कंदील तिथंच विसरले. शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, तो उचलायचा नाही म्हणून शनिवार गेला, आणि रविवारी त्यांनी लेकीला पाठवलं. प्रेमाची सुरुवात याहून काव्यमय कारणांनी होते असं ऐकून आहे. इथं कंदील होता.

दारातच ती थबकली. आत सतरंजीवर मिलमधले जॉबर, शिंपी, कारकून अशी दहा मोठी माणसं एका सुरात हिब्रू वाचत होती. समोर फळ्यापाशी एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. लांब कोट, आणि गळ्याशी चांदीची गुंडी...

"छान," तो म्हणाला. "सूर जमला. आता अर्थ कोण सांगतं?"

पलीकडच्या गल्लीतल्या हातमागाचा खटका तेवढा ऐकू येत होता. मग दारातून कुणीतरी हसलं.

"हसायला काय झालं?" त्यानं विचारलं, पण न रागावता.

"काही नाही... माझे आजोबा ही ओळ रोज म्हणायचे. इतकं कळवळून, की मला वाटायचं, अलिबागच्या डासांबद्दल देवाकडे तक्रार चाललीय."

"आणि आता काय वाटतं?"

"आता वाटतं, तुम्हाला तरी अर्थ येतो का ते बघावं."

त्याला येत होता. 'देव आपल्या चांगुलपणानं रोज नव्यानं सृष्टी घडवतो' – एवढाच अर्थ, पण तो सांगताना मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला आणि उचलायचा राहून गेला. सिपोरा दाराजवळ बसली. रहमाजींना त्या दिवशी शेजाऱ्याचा कंदील घेऊन ड्यूटीवर जावं लागलं.

मास्तरांचं नाव एझ्रा पुगावकर. मुंबईच्या शाळेत हिब्रू शिकलेला, इथल्या एका मिलमध्ये कारकून. सोलापुरात आल्यावर त्यानं हा प्रौढांचा धर्मवर्ग काढला. मंडळी साठ-साठ वर्षं प्रार्थना म्हणत आली होती आणि त्यातलं अक्षर कुणाला कळत नव्हतं. यात कुणाची गैरसोय होत होती असंही नाही. दारावर पाटी होती, 'सर्व प्रौढ बंधूंनी यावे.' भगिनींनी येऊ नये असं तीत कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि सिपोरा मुलींच्या शाळेत शिकवत असल्यानं लिहिलेलं तेवढंच वाचायची तिला सवय होती.

ती दर रविवारी येऊ लागली. आधी ती मास्तरांना उत्तरं येतील असे प्रश्न विचारी. मग न येणारे विचारू लागली. तो आठवडाभर पुस्तकं उपसून पुढच्या रविवारी उत्तर आणी, आणि ते सगळ्या वर्गाला देताना बघे मात्र खिडकीकडे. खिडकीशी तीच बसत असे. धड्यापलीकडचा एक शब्द त्यानं कधी काढला नाही.

दरम्यान कराचीहून स्थळ आलं. मुलगा पोस्टात हेडक्लार्क, घरचं चांगलं. साखरपुड्याचा दिवस ठरला. सिपोरा नाही म्हणाली नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिचं कारण दर रविवारी फळ्यासमोर उभं राहून खडूनं हात पांढरे करीत होतं – मुकाट्यानं.

साखरपुड्याच्या आदल्या रविवारी धडा निघाला तो नेमका लग्नाचा.

मास्तरांनी नियम समजावला. पुरुषानं बाईच्या हातात पैशाएवढ्या तरी मोलाची वस्तू ठेवायची, साक्षीदारांसमोर ठरलेलं वाक्य म्हणायचं, आणि तिनं वस्तू खुशीनं घ्यायची. कायद्यानं तेवढ्यात बाई बांधली जाते. हळद, मेंदी, वरात, ही सगळी आपली हौस.

"नुसतं ऐकून कळत नाही," सुलेमानतात्या म्हणाले. तात्या म्हणजे पेन्शनीतले कंपाउंडर. औषधाचा थेंब जास्त पडला तर बाटली ओतून द्यायची, ही त्यांची नोकरीतली शिस्त. धर्मातही त्यांनी तीच आणली होती. "करून दाखवा, मास्तर."

वर्गात बाई एकच होती. मास्तरांकडे अंगठी नव्हती. त्यानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग गळ्याशी हात नेला, गुंडी काढली आणि सिपोराच्या तळव्यावर ठेवली. गुंडी अजून ऊबदार होती. मग तो ते वाक्य म्हणाला – 'या वस्तूनं तू माझी झालीस, मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे...' एरवी तो पुस्तकात बघून शिकवी. त्या दिवशी पुस्तक मिटलेलं होतं.

सिपोरानं मूठ मिटली. मिटताना तिच्या मनात कायदा नव्हता, एवढं नक्की.

हातमागाचे दोन-चार खटके झाले. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मास्तर, साक्षीदार किती लागतात म्हणालात?"

"दोन."

"इथं दहा आहेत," तात्या म्हणाले.

एझ्राचा चेहरा खडूसारखा झाला.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या मंडळींना कळली. दहा साक्षीदार होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना बायका होत्या. लग्न लागलं असेल तर सिपोराचा साखरपुडा म्हणजे परक्याच्या बायकोचा साखरपुडा, महापाप. ते मोडायचं तर रीतसर घटस्फोट हवा, आणि घटस्फोट झालेली मुलगी कराचीचं काय, कुठलंच पोस्ट ऑफिस पत्करणार नव्हतं. दडपून टाकावं, तर मुंबईचे बगदादी यहुदी आधीच म्हणत असत की बेने इस्राएलांना लग्न-घटस्फोटातलं काही कळत नाही. आता त्यांना पुरावाच मिळाला असता. तोही धर्म शिकवण्याच्या वर्गात तयार झालेला.

गाडी घेऊन परतलेल्या रहमाजींनी सगळं ऐकून घेतलं. शंका आली की आधी गाडी थांबवायची, चौकशी मग, हा गार्डचा शिरस्ता. त्यांनी वर्ग थांबवला, साखरपुड्याची तयारी थांबवली, लेकीला घरात थांबवलं. गुंडीचं मात्र कुणीच काही ठरवलं नाही. ती परत घ्यावी तर तो घटस्फोट धरतात की काय, हे तात्यांना पुस्तकात सापडेना.

एझ्रा गळ्याशी टाचणी लावून हिंडू लागला. अक्कम्माच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मास्तर, गुंडी कुटं पाडली? लई चांगली होती की."

"दिली, अक्का."

"कुनाला?"

"तेच ठरायचंय."

ठरवणार कोण, तेही ठरलं. मुंबईचे एक वृद्ध हाखाम, बगदादचे मोठे धर्मपंडित, बुधवारच्या मेलनं मद्रासला निघाले होते. मेल सकाळी सोलापुरात थांबे, इंजिन पाणी पिई, आणि तिथून पुढं गाडी नेणारे गार्ड होते रहमाजी झिराडकर. डब्याच्या खिडकीतून निकाल घ्यायचा, असा बेत झाला.

मंगळवारी दिवस कलता सिपोरा बापाची नजर चुकवून अक्कम्माच्या परसात आली. एझ्रा तिथं होताच. अक्कम्मा दोघांकडे पाठ करून ज्वारी निवडत बसली. खडे नसलेली ज्वारी ती तासभर निवडत होती.

"उद्या ते विचारतील, मनात काय होतं," सिपोरा म्हणाली. "काय सांगणार?"

"तुम्ही... कराचीला जाणार ना?"

"मी आधी विचारलं."

"लग्न मनात होतं म्हटलं, तर तुम्ही बांधल्या जाता. तुम्हाला कुणी विचारलेलंसुद्धा नाही... मी पण नाही. धडा होता म्हटलं, की तुम्ही मोकळ्या."

"आणि तुम्ही?"

"माझा प्रश्न हाखामांपुढे नाही."

"म्हणजे उत्तर ठरलंय. खरं काय होतं, ते मात्र मला कधीच कळायचं नाही."

तो काहीतरी म्हणणार होता. हात गळ्याशी गेला आणि चटकन मागे आला. "टाचणी टोचली," तो म्हणाला.

"टोचू दे," ती म्हणाली आणि निघून गेली.

बुधवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर अख्खी मंडळी हजर. रहमाजी मागच्या टोकाला ब्रेकव्हॅनपाशी उभे होते. हातात हिरवं निशाण, काखेत गुंडाळलेलं लाल. निकाल 'काही झालं नाही' असा लागला तर तात्यांनी हात वर करायचा, अशी खूण ठरली होती. नोकरीत रहमाजींनी मेल कधी एक मिनिट अडवली नव्हती.

हाखाम खिडकीशी बसले होते. पांढरी दाढी, डोळे अर्धवट मिटलेले. तात्यांनी हिंदुस्थानीत सगळं सांगितलं, नको तेवढं तपशीलवार. पुढं इंजिनची पाण्याची सोंड बाजूला झाली. स्टेशनमास्तर मागं ब्रेकव्हॅनकडे निघाले; गार्ड निशाण का दाखवत नाही, हे त्यांना कळेना. रहमाजी ब्रेक तपासत असल्याचं सांगण्यात आलं.

हाखामांनी डोळे उघडले. "बेटा, तेरे दिल में क्या था?"

एझ्रानं सिपोराकडे पाहिलं. ती रुळांकडे बघत होती. मूठ मिटलेली.

"धडा होता," तो म्हणाला.

"और तू, बेटी? तू क्या समझी?"

"मास्तर म्हणतात धडा होता," ती म्हणाली, "तर धडाच असेल."

म्हाताऱ्यानं तिच्या मुठीकडे पाहिलं, मग एझ्राच्या गळ्याशी लावलेल्या टाचणीकडे. बराच वेळ पाहिलं. इंजिननं शिटी दिली.

"खेल था. कुछ नहीं हुआ. लड़की आज़ाद है." आणि मग हळूच एझ्राला, "लेकिन गुंडी वापस क्यों नहीं माँगी?"

तात्यांनी हात वर केला. लांब मागे हिरवं निशाण हललं आणि मेलनं हिसका दिला. हाखाम खिडकीसकट पुढं सरकले.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सिपोरानं सोडला नाही.

"खोटं बोललात," ती म्हणाली.

"गाडी सुटतेय... तिकडं उभ्या राहा."

"खोटं बोललात की नाही, तेवढं सांगा."

एक डबा गेला. दुसरा गेला. धूर त्यांच्या अंगावरून गेला.

"पुस्तक मिटलेलं होतं," एझ्रा शेवटी म्हणाला. "धडा मी पुस्तकातून शिकवतो. त्या दिवशी जे म्हणालो, तेच मनात होतं. शब्द न् शब्द. कंदील न्यायला आलात तेव्हापासून..."

तात्या मटकन ट्रंकेवर बसले. "म्हणजे निकाल खोट्या जबानीवर," ते क्षीण आवाजात म्हणाले. "म्हणजे शंका परत उभी."

"तात्या, अशी शंका मिटवतात कशी?" सिपोरानं एझ्रावरची नजर न हलवता विचारलं.

"घटस्फोटानं. नाहीतर..." कंपाउंडरला औषध सापडलं होतं, पण बाटली कुणाची ते उशिरा कळत होतं. "नाहीतर पुन्हा एकदा लग्न लावायचं. नीट, ठरवून. कायद्याला दोन्ही चालतं."

थर्डक्लासचे डबे जाऊ लागले. मागून ब्रेकव्हॅन येत होती.

"मास्तर, पुढचा धडा कोणता?"

"घटस्फोट."

"तो राहू द्या. माझा मागचाच कच्चा आहे." तिनं मूठ उघडली. गुंडी तळव्यावर रुतून गोल वळ उठला होता. "उजळणी घ्या. फक्त या वेळी... आधी विचारा."

"तुम्ही... माझ्याशी..."

"हो," ती म्हणाली. वाक्य पुरं व्हायला ब्रेकव्हॅन थांबणार नव्हती.

ती वळली, दोन पावलं व्हॅनबरोबर चालली. "बाबा, कराचीला नाही म्हणून तार करा. मी इथंच लग्न करणार आहे. मास्तरांशी."

रहमाजींचं तोंड उघडलं. ते दारात उभे होते, हात बाहेर, हातात फडफडणारं हिरवं निशाण. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या मागं टाचणी लावून उभ्या असलेल्या त्या किडकिडीत माणसाकडे पाहिलं. लाल निशाण काखेतच होतं. ते काढायला काही फार वेळ लागला नसता.

प्लॅटफॉर्म संपेपर्यंत हिरवं दाखवायचं, असा रेल्वेचा नियम आहे. त्या सकाळी प्लॅटफॉर्म संपला, सिग्नल मागं पडला, गाडी वळणावर ठिपक्याएवढी झाली. तरी ते हलताना दिसत होतं.