पाचवी तार

चांदण्या लुकलुकतात त्या बालगीतात. सौदामिनीला विचाराल, तर चांदणी बिचारी जागच्या जागी असते, थरथरते ती मधली हवा. नांदेडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी ही बाई दर सुट्टीला औशाजवळच्या डोंगरमाथ्यावर ती थरथर मोजायला यायची. हवा शांत निघाली तर तिथं मोठी दुर्बीण बसणार होती. हे वेड मुळात तिच्या नवऱ्याचं, अनयचं.

माथ्यावर एक उंच खांब. त्यावर खालपासून वरपर्यंत पाच ठिकाणी केसाहून बारीक तार ताणलेली. हवा ऊन लागली की लॅपटॉपवर त्या तारेची रेघ वर उडे, गार लागली की खाली जाई. दिवेलागणीला काम सुरू करण्याआधी अनय खालच्या तारेपाशी तोंड नेऊन श्वास सोडायचा. एक लांब, दोन आखूड. रेघ तशीच उडाली की म्हणायचा, "जागी आहे गं."

दिवाळीच्या तोंडावर लातूर रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं.

तेरावं झालं आणि सौदामिनी माथ्यावर आली. लोकांनी नावं ठेवली, ठेवू देत. तारेवर श्वास सोडणं काही तिला जमेना. तिनं यंत्र नुसतं सुरू केलं, आणि खालची रेघ उडाली. एक लांब, दोन आखूड.

तिनं जोडण्या तपासल्या, तार बदलली. पुढच्या खेपेला खालची रेघ गप्प होती, उडाली ती दुसरी. नंतर तिसरी. तेव्हा तिला कळलं. तो वर चालला होता.

रानाचा मालक दगडोबा वेळ अमावस्येच्या सणाची आंबील घेऊन आला, तेव्हा ती खांबाला आणखी एक पाइप जोडत होती.

"लई उंच करायलात बाई. वाऱ्यानं पडंल."

"पाचवी तार वर न्यायचीय. तो त्याच्याही वर गेला, तर मला कळणार नाही हो, दगडोबा."

दगडोबानं तांब्या तिच्यापुढं ठेवला. "जाणाऱ्याला हाक मारू न्हाई, बाई," एवढंच म्हणाला आणि उतरणीला लागला.

दिवेलागण झाली. पाचवी रेघ सरळ होती. पाचही सरळ होत्या. इतकी शांत हवा त्या माथ्यावर कधीच मिळाली नव्हती, दुर्बिणीला अगदी अशीच हवी होती. सौदामिनीला रडू कोसळलं.

मग ती उठली. खालच्या तारेपाशी तोंड नेऊन तिनं पहिल्यांदाच श्वास सोडला. एक लांब, दोन आखूड.

"परत ये," ती म्हणाली.

पहिली रेघ उडाली. मग दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी.

बराच वेळ काही नाही.

मग पाचवी हलली. त्यानंतर चौथी. तोच ताल, वरून खाली येणारा. सौदामिनीनं डोळे पुसले. ती हसलीसुद्धा.

पहिली हलली. तिच्या मानेवरचे केस सरकले.

"आलास?"

तिनं पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं.

या वेळी रेघा वर उडाल्या नव्हत्या. गार हवेनं पाचही खाली गेल्या होत्या.