तेरणेच्या वळणावरचा जबडा

रंगनाथराव दारात उभे राहिले, तेव्हा पंचाक्षरी गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. निजामाच्या पोलिसांतली अमिनी, म्हणजे फौजदारकी, सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी लोक आपापल्या चोऱ्या घेऊन त्यांच्याकडंच यायचे. सोबतीला जुना शिपाई बब्रुवान होता. तोही आता थकला होता.

रंगनाथराव तेरला राहणारे, कचेरीतून निवृत्त झालेले पेशकार. पार्वतम्मा नावाच्या विधवेच्या घरात भाड्यानं राहायचे आणि तेरणेकाठची दगड झालेली हाडं जमवायचे. त्यांच्या कपाटातून सर्वांत मोलाचा जीवाश्म गेला होता. पुरानं तुटलेल्या दरडीत त्यांना स्वतःला सापडलेला, बारीक दातांचा चिमुकला जबडा.

"प्राचीन माकडाचा आहे. हैदराबादहून तज्ज्ञ पाहायला यायचेत," ते म्हणाले.

जबड्याजवळ मिळालेली एक काळी गुळगुळीत गोटीही गेली होती. खरवडली की वरचं काळं मेणासारखं निघायचं, आत दगड. रंगनाथरावांच्या मते ते जुन्या फळाचं बी.

धुळाप्पा धनगराला त्यांनी सकाळीच चावडीत दिलं होतं. तो त्यांना हाडं आणून द्यायचा. चोरीच्या दिवशीही येऊन गेला होता. मात्र ज्या वळणावर जबडा सापडला, तिकडं यायला त्यानं साफ नकार दिला होता. संशय तेव्हाच यायला हवा होता, असं रंगनाथरावांना वाटत होतं.

पंचाक्षरींनी निमूट चपला घातल्या.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दारामागं खिळ्याला लटकलेली. हत्तीची दगडी दाढ, पाट्याएवढी, जागच्या जागी होती. जबड्याच्या रिकाम्या जागी पांढरा पुसट पट्टा होता. हाडाचा भुगा सांडला असेल, रंगनाथराव म्हणाले. पंचाक्षरींनी तो बोटावर घेतला. बाकीच्या फळीवरची धूळ खरखरीत होती. हा मऊ होता. त्यांनी हुंगून पाहिला आणि बोट पुसलं.

चावडीत धुळाप्पाचा ओठ फुटला होता. कपाळावरचा भंडारा घामानं ओघळला होता. मी काही घेतलं नाही, एवढंच तो सांगत राहिला. त्या वळणाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "तिकडं मेंढरं बी न्हेत न्हाय आमी."

गावात दुसरा शौकीन होता वीरप्पा आडत्या. त्याच्याकडं शंखशिंपल्यांचे ठसे असलेले दगड होते. तो घरच्यांसह येरमाळ्याला देवीला गेला होता आणि नुकताच परतला होता. चोरायचीच असती तर दाढ चोरली असती, असं त्यानं सरळ सांगितलं. जबडा त्यानं हातात घेऊन पाहिला होता. दगड झालेलं हाड जड असतं. हा हलका लागला. तसं बोलूनही दाखवलं, पण रंगनाथरावांना तो मत्सर वाटला.

पार्वतम्मा अंगण झाडत होत्या. कपाळावर पांढरे आडवे पट्टे होते. रंगनाथरावांची खोलीही त्याच झाडायच्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. भिंतीशी खुरपं टेकवलेलं होतं, त्याला ओला गाळ. काय लावलं, बब्रुवाननं सहज विचारलं. मेथी, त्या म्हणाल्या.

दुपारी पंचाक्षरींनी सगळ्यांना रंगनाथरावांच्या खोलीत बसवलं. भिंतीला पाठ टेकून ते सावकाश बोलू लागले.

"चोरानं हत्तीची दाढ सोडली. म्हणजे त्याला जीवाश्म नकोच होता. आणि वीरप्पाचं खरं आहे, जबडा दगड झालाच नव्हता. ते हाड एवढं जुनं नाही. आता ती गोटी. आम्हा लिंगायतांत मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात. छोटा दगड, वर काळा लेप. मेलेल्याला आम्ही जाळत नाही, पुरतो. लिंग त्याच्यासोबतच जातं."

रंगनाथरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे ते वळण..."

"जुनी दफनाची जागा. धुळाप्पाला ते ठाऊक होतं, म्हणून तो तिकडं येत नव्हता. तुम्ही तिथून काय आणलंत, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो जबडा माकडाचा नव्हता, रंगनाथराव. दुधाच्या दातांच्या लेकराचा होता."

पंचाक्षरींनी कपाटाकडं बोट दाखवलं.

"फळीवर हाडाचा भुगा नव्हता. विभूती होती. नेणाऱ्यानं उचलण्याआधी ती लावली. धुळाप्पा भंडारा लावतो. वीरप्पा गावात नव्हता. किल्ली कुठं असते, हे खोली झाडणाऱ्याला माहीत असतं."

"पण मेथी..." बब्रुवान म्हणाला.

"अंगणात सगळी फरशी आहे, बब्रुवान. खुरप्याचा गाळ नदीकाठचा होता."

पार्वतम्मांनी पदर सावरला. लेकरू तुमचं होतं का, रंगनाथरावांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मला मूलच झालं न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणाचं हाय ठाव न्हाय. कुणीतरी लिंग बांधून निजवलं हुतं. त्याला कपाटात कसं ठिवायचं?" मग म्हणाल्या, "धुळाप्पाला न्हेलं तवाच बोलायला पायजे हुतं. पर बोलले असते तर तुम्ही पुन्हा उकरून काढलं असतं."

रंगनाथरावांनी ते नाकारलं नाही. आता कुठं पुरलं, हे कुणी विचारलं नाही.

हैदराबादच्या तज्ज्ञांना येऊ नका अशी तार करून ते चावडीवर गेले. शिपायानं दोर सोडला. रंगनाथराव हात जोडून उभे राहिले, पण धुळाप्पाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो मनगटं चोळत उन्हाकडं पाहत होता.

"सकाळधरनं मेंढरांकडं कोण हाय?" त्यानं विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. तो लंगडत नदीकडं निघाला.