सरवद्यांची डावखुरी रेघ

चित्रावर सही नसली तरी चित्रकार लपत नाही, हे मी गेली तीस वर्षं सांगत आलो आहे. तुम्ही मला जुन्या मासिकातलं कुठलंही पान आणून दाखवा, चहा निवायच्या आत सांगतो कोणाचा हात आहे. चेहऱ्याकडे मी बघतच नाही. चेहरा काढताना चित्रकार सावध असतो. मी कान बघतो, नखं बघतो आणि सावलीच्या रेघा बघतो. तिथे माणूस बेसावध असतो. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या सावलीच्या रेघा उजवीकडे वर चढतात, डावखुऱ्याच्या उजवीकडे खाली उतरतात. इतकं साधं आहे, पण लोक बघतच नाहीत, त्याला मी काय करू?

सत्तरच्या दशकात आमच्या नारायण पेठेतून 'शून्यलोक' नावाचं चित्रकथांचं मासिक निघायचं. एका अंकात भुतं, पुढच्या अंकात मंगळावरची माणसं. चित्रावर सही करायची नाही, हा मालकांचा नियम. नाव झालं की चित्रकाराला शिंगं फुटतात, असं ते म्हणत. चित्रकार दोघेच होते, दिगंबर पाटणकर आणि उत्तरेश्वर सरवदे. दहा वर्षांपूर्वी मी लेख लिहून ठरवून टाकलं की 'शून्यलोक'मधलं उत्तम काम सगळं पाटणकरांचं. सरवद्यांनी चौकटी आखल्या आणि काळं भरलं. तेव्हापासून जो तो तेच लिहितो.

गेल्या नोव्हेंबरात एक फोन आला.

"खांबेटे सर का? मी सत्यशीला सरवदे. उत्तरेश्वर सरवद्यांची मुलगी. तुमचा लेख चुकला आहे."

"कशावरून म्हणता?"

"मूळ पानं माझ्याकडे आहेत. धायरीला राहते. दुपारी या, मी झोपत नाही."

मी एरवी गेलो नसतो. पण 'शून्यलोक'च्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं, त्याची पुस्तिका सोमवारी छापायला जाणार होती आणि कोणत्या पानाखाली कोणाचं नाव हे माझ्या शब्दावर होतं. ज्याला वाद घालायचा आहे त्याने आधीच घातलेला बरा. शनिवारी दुपारी सिंहगड रस्त्यावरची गर्दी कापत मी धायरीला पोहोचलो.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मेणबत्ती. कुठे धुळीचा कण नाही. सत्यशीलाबाई पासष्टीच्या, ताठ, पांढऱ्या साडीत. जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि ते बसल्याजागी कळत होतं. त्यांनी टेबलावर दोन गठ्ठे ठेवले, दोन्ही कोऱ्या कागदात गुंडाळलेले.

"कुठलं कोणाचं ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

मला अशी माणसं आवडतात. मी भिंग काढलं.

पहिला गठ्ठा पाटणकरांचा. जाड कानाची पाळी, चौकोनी नखं, चढत्या रेघा. दुसरा गठ्ठा उघडला आणि मी भिंग पुसून पुन्हा धरलं. ज्या कथेवर मी सगळा लेख उभा केला होता, तिचीच आठ पानं होती ती. विहिरीत उतरलेलं यान आणि त्यातून वर येणारे भिजलेले प्रवासी. छापील अंकात रेघा चढत्या होत्या. इथे, मूळ कागदावर, त्या उतरत होत्या.

छपाईचा ब्लॉक करणाऱ्याने चित्राची निगेटिव्ह उलटी लावली होती. अक्षरं वेगळी चिकटवत, त्यामुळे ती सरळ आली आणि चित्रं मात्र आरशातल्यासारखी छापली गेली. अंकात त्या प्रवाशाच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर आहे. दहा वर्षं तो खिसा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. मला अतिशय लाज वाटली.

"हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे," मी म्हणालो. "पाटणकर उजवे होते. बाई, तुमचे वडील..."

"डावखुरे. शाळेत त्यासाठी मार खायचे."

"मग हे सगळं त्यांचं. मी चुकलो. सोमवारच्या आत नाव बदलतो."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "एक्क्याऐंशी साली गेले," त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीस वय. आपलं नाव छापलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नाही."

मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. आतल्या खोलीत जाऊन तिसरा गठ्ठा आणला.

"हा दाखवला नसता तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण फाइल अर्धवट पुढे पाठवायची मला सवय नाही."

डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याखाली शाईचा, दौत नुकतीच उघडल्यावर येतो तसा. शेजारी कोणाच्या तरी घरात मिक्सर फिरत होता, तो थांबला. मी पानं चाळली. चव्वेचाळीस होती. उतरत्या रेघा, निमुळते कान, अंगठ्याचं नख जरा लांब. तोच हात, शंकाच नव्हती. पण पहिल्या पानावर रेघ सरळ होती आणि पुढे पुढे ती बारीक थरथरू लागली होती. शेवटच्या पानांवर तर प्रत्येक वळणावर ती अडखळत होती.

"तुमचे वडील म्हातारपणी..." मी बोललो आणि थांबलो.

"किती वयाचा हात आहे सर?"

हे मला सांगता येतं, लोक त्याला जादू समजतात. "शेवटचं पान ऐंशीच्या पुढचं. पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी..."

"ते असते तर या वर्षी अठ्ठ्याऐंशीचे झाले असते."

खोलीत भर दुपारचं ऊन होतं. मी शेवटचं पान त्या उन्हात धरून पुन्हा बघितलं.

नऊ ऑगस्टला त्यांचे वडील गेले. त्याच्या पुढच्या वर्षापासून दर नऊ ऑगस्टला सकाळी वडिलांच्या ड्रॉइंग बोर्डावर एक पान असतं, असं बाईंनी हळू आवाजात सांगितलं. घर बदललं, कुलपं बदलली, पान चुकलं नाही.

"आम्ही श्राद्ध-पक्ष करत नाही, भुतंखेतं मानत नाही. माझा बापच मला ती शिकवण देऊन गेला," त्या म्हणाल्या. "म्हणून मी सरळ विचार केला. घरात मी एकटी. म्हणजे झोपेत मीच काढत असणार. आणि तिसरा गठ्ठा माझा असेल, तर उद्या कोणीही म्हणेल की दुसराही हिनेच काढला. बाबांचं नाव पुन्हा जाईल. गेलं तर जाऊ दे सर, पण खोटं नाव नको."

इतकी वर्षं या बाईने ते पोटात ठेवलं होतं. मी कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. "एक कान काढा. आधी उजव्या हाताने, मग डाव्या."

त्यांनी काढले. दोन्ही कान शाळकरी मुलीने काढावेत तसे होते, पाळी तर भज्यासारखी.

"झोपेतही तुम्हाला हे जमणार नाही," मी म्हणालो. "हात झोपत नसतो. ही पानं तुमची नाहीत. लिहून देतो."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

मी तो आवाज ओळखतो. जाड कागदावर टाक चालला की येतो तो. उजवा माणूस टाक ओढतो, डावखुरा ढकलतो, म्हणून डावखुऱ्याच्या हाताखाली कागद जास्त कुरकुरतो. तो कुरकुरत होता. चार रेघा... मग दौतीच्या काठावर निब टेकल्याचा टक् असा आवाज... मग पुन्हा चार रेघा.

सत्यशीलाबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर.

"ऐकू येतंय तुम्हाला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो."

"आज नऊ ऑगस्ट नाही..."

मी आत गेलो नाही. मला भीती वाटली, सरळ सांगतो. त्याऐवजी मी तिथूनच पुस्तिकेचं काम बघणाऱ्या चैतालीला फोन लावला आणि मोठ्याने, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "दहा ते सतरा, आठही पानांखालचं पाटणकरांचं नाव काढ. उत्तरेश्वर सरवदे लिही. हो, पूर्ण नाव. माझ्या जबाबदारीवर."

आतला आवाज थांबला. बाई टेबलावर डोकं टेकून हमसून रडल्या. "म्हातारे झाले हो बाबा," एवढंच त्या म्हणत होत्या. "तिथेही म्हातारे झाले..."

पुस्तिका डिसेंबरात छापून आली. प्रदर्शनात बाई त्या नावासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक कबूल करणारा पुणेकर मी पहिल्यांदाच पाहिला." मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पाटणकरांचा विचार माझ्या मनातही आला नाही. मरून तीस वर्षं झालेल्या माणसाचं नाव आठ पानांवरून निघालं, तर त्याचं काय बिघडतं, असं मला वाटलं असावं.

सतरा जानेवारीला सकाळी मी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आलो, तर टेबलावर एक पान होतं. दाराला आतून कडी, खिडकीला गज. पाटणकर चौऱ्याण्णव साली सतरा जानेवारीलाच गेले, ती तारीख माझ्याच लेखात आहे.

पानावर सहा चौकटी. सहाही चौकटींत एक पाठमोरा माणूस भिंतीवरचं नाव नखांनी खरवडतो आहे. शेवटच्या चौकटीत भिंत कोरी आहे आणि त्याला नखं उरलेली नाहीत. जाड पाळीचा कान, चढत्या रेघा, नव्वदी उलटलेला हात. दिगंबर पाटणकर. याबाबतीत माझी खात्री आहे.

पण त्या पानावर सही आहे. उजव्या कोपऱ्यात, शाईने. ती माझी आहे. मी बँकेचं पासबुक काढलं, जुनी पत्रं काढली, भिंग घेऊन दोन दिवस बसलो. 'ख'ची गाठ माझी, शेवटच्या मात्रेचा झटका माझा. मला साधी बादली धड काढता येत नाही, चित्र माझं असूच शकत नाही. सही मात्र नक्कल नाही, हे मी कोर्टात सांगेन.

तुम्हाला आज बोलावलं ते त्यासाठीच, साक्षीला म्हणून पान बघून ठेवा. सहीखाली तारीख घालायची मला सवय आहे, तशी इथेही घातली आहे. त्या तारखेला अजून एकोणीस दिवस आहेत.